पिंजऱ्यातला शॅमेलिऑन

शॅमेलिऑन हा सरड्यांच्या गोतावळ्यातला, बहुतांशी झाडाझुडपांवर राहणारा प्राणी आहे. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आढळतात. भारतात त्याची एकच जात आहे. महाराष्ट्रात तिला घोयरा किंवा सरडगुहिरा म्हणतात. कुंपणावरचा साधा सरडाही विणीच्या काळात लाल होतो, पण रंग बदलण्याची खरी करामत घोयऱ्याची. या करामतीपायी माणसाने शॅमेलिऑन घरात आणला. त्याला घरात जगवायचे कसे, हे मात्र माणसाला फार उशिरा कळले.

या प्राण्याविषयीचा सर्वांत जुना आणि सर्वांत घातक गैरसमज म्हणजे तो हवेवर जगतो हा. ॲरिस्टॉटलने शॅमेलिऑन चिरून त्याचे बारकाईने वर्णन केले होते; या प्राण्याचे सर्व दिशांना फिरणारे डोळे त्याच्या नजरेतून सुटले नव्हते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने हा प्राणी काही खात नाही, पीत नाही, नुसत्या हवेवर राहतो असे लिहून ठेवले आणि युरोपात पुढची दीड हजार वर्षे तेच प्रमाण मानले गेले. हा समज टिकण्याला कारण होते. शॅमेलिऑन खाण्यावाचून बरेच दिवस काढतो आणि त्याची जीभ डोळ्याचे पाते लवायच्या आत भक्ष्य टिपून परत जाते, त्यामुळे तो खाताना सहसा दिसत नाही. इंग्लिश वैद्य थॉमस ब्राउन याने १६४६ मध्ये या समजाचे खंडन केले. १६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वतीने क्लोद पेरो याने शॅमेलिऑनच्या शरीररचनेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हा कीटक खाणारा प्राणी असल्याचे दाखवून दिले. त्याआधी जे शॅमेलिऑन हौसेने पाळले गेले असतील, त्यांच्यापुढे माशी किंवा नाकतोडा ठेवण्याची गरज त्यांच्या धन्यांना वाटली असेल असे मानणे अवघड आहे.

पेरोने शॅमेलिऑन चिरून पाहिला. त्याच शहरात मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकर्तीने त्याला जिवंतपणी न्याहाळले. १६७२ मध्ये तिला इजिप्तमधून, अलेक्झांड्रियाहून शॅमेलिऑन भेट म्हणून आले. पॅरिसची थंडी त्यांना मानवणारी नव्हती. स्क्युदेरीने त्यांना आपल्या घरात ठेवले, त्यांचे रंग, सवयी, डोळ्यांच्या हालचाली टिपल्या आणि पुढे दोन शॅमेलिऑनची हकिगत म्हणून त्या जिव्हाळ्याने लिहून काढल्या. अकादमीच्या काही निष्कर्षांशी तिचे पटले नाही. जिवंत शॅमेलिऑन रोज पाहून त्याच्याविषयी लिहिणे ही तेव्हा नवी गोष्ट होती. शुश्रूषेच्या इतिहासाची सुरुवात इथून धरावी लागते, कारण आजारी शॅमेलिऑनला वाचवणारा माणूस आजही आधी हेच काम करतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वेगळेच वेड पसरले. फ्लोरिडा आणि आसपासच्या प्रदेशातला हिरवा अनोल हा छोटा सरडा हिरव्याचा तपकिरी होतो, म्हणून तो 'अमेरिकन शॅमेलिऑन' या नावाने जत्रांत आणि सर्कशींच्या बाहेर विकला जाऊ लागला. प्रत्यक्षात तो शॅमेलिऑनच्या कुळातला नाही. त्याच्या गळ्याभोवती बारीक साखळी किंवा दोरा बांधत, दुसऱ्या टोकाला टाचणी असे, आणि बायका त्याला जिवंत दागिन्यासारखे कपड्यावर मिरवत. साखरपाण्यावर तो जगतो, असे विकणारे सांगत. कीटकावाचून आणि उन्हावाचून तो हळूहळू वाळून मरे. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या संस्थांनी या विक्रीला विरोध केला, तरी सर्कशीबाहेरचे हे सरडे विसाव्या शतकातही बराच काळ विकले जात राहिले.

खऱ्या शॅमेलिऑनचा मोठा व्यापार विमानवाहतुकीबरोबर वाढला. केनिया, टांझानिया आणि मादागास्करच्या रानांतून पकडलेले प्राणी कापडी पिशव्यांत घालून युरोप-अमेरिकेला जाऊ लागले. पकडल्यापासून दुकानात पोहोचेपर्यंत त्यांना बहुधा पाणी मिळत नसे, आणि दुकानात पोहोचल्यावरही मिळत नसे, कारण तिथे ते वाटीत ठेवलेले असे. शॅमेलिऑनला साचलेले पाणी सहसा पाणी म्हणून ओळखता येत नाही. रानात तो पानावरचे दव आणि पावसाचे थेंब चाटतो. थेंब हलला, चकाकला की त्याचे लक्ष जाते. त्यामुळे पाण्याने भरलेल्या वाटीशेजारी तो तहानेने मरू शकतो. सोबत रानातून पोटात आलेले जंत असत. निरोगी प्राण्याला ते फारसा त्रास देत नाहीत. भेदरलेल्या आणि सुकलेल्या प्राण्यात मात्र ते बळावतात. अनेक जण या प्राण्याला काचेच्या पेटीत ठेवत. शॅमेलिऑन एकटा राहणारा; काचेत दिसणारे स्वतःचे प्रतिबिंब त्याला दिवसभर समोर ठाकलेला शत्रू वाटते.

हवाईतली एक घटना या व्यापाराच्या ऐन भरातली आहे. १९७२ मध्ये ओआहू बेटावरच्या कनेओहे इथल्या एका दुकानदाराकडे केनियातून जॅक्सनच्या शॅमेलिऑनची खेप आली. तीन शिंगांचा हा प्राणी केनियाच्या थंड, दमट डोंगराळ भागातला. प्रवासात ते प्राणी सुकून, खंगून गेले होते. त्यांना तरतरी यावी म्हणून दुकानदाराने ते आपल्या अंगणातल्या झाडांवर सोडले. शुश्रूषा म्हणून पाहिले तर यापेक्षा चांगला उपाय त्या काळी कोणाला सुचला नसता: झाडाच्या फांद्या, पानावरचे पावसाचे पाणी, ऊन आणि सावली दोन्ही, आणि जिभेच्या टप्प्यात भरपूर कीटक. दुकानाच्या पिंजऱ्यात जे मेले असते ते अंगणात सावरले आणि तिथून निघून गेले. जॅक्सनची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते, त्यामुळे त्यांचा विस्तार आणखी सोपा झाला. पुढे लोकांनीच त्यांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेले.

या विस्ताराची किंमत हवाईतल्या स्थानिक जिवांनी मोजली. ओआहूच्या डोंगरांवर झाडांवर राहणाऱ्या रंगीत गोगलगायी आहेत. त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत आणि अमेरिकेच्या कायद्याने १९८१ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहेत. २०१० मध्ये संशोधकांनी तिथे पकडलेल्या शॅमेलिऑनच्या पोटात स्थानिक गोगलगायी सापडल्याचे नोंदवले. मूठभर प्राण्यांवर केलेली दया तिथल्या जंगलाला भोवली. वाचवलेला परदेशी शॅमेलिऑन मोकळा सोडायचा नाही, हा नियम का हवा, हे या अनुभवावरून कळते.

व्यापारावर बंधने आली ती हवाईतल्या त्या खेपेनंतर काही वर्षांनी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९७७ मध्ये बहुतेक शॅमेलिऑन समाविष्ट झाले. केनियाने १९८१ मध्ये निर्यात थांबवली. मादागास्करमधून मात्र ती वाढतच गेली. अखेर १९९५ मध्ये तिथल्या दोन मोठ्या प्रजातींतल्या फक्त चार जाती वगळून बाकी सर्वांचा व्यापार स्थगित करण्यात आला.

रानातला पुरवठा आटला तेव्हा पैदाशीचा धंदा उभा राहिला. येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगरातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन काटक निघाला. मादी वर्षभराच्या आत वयात येते आणि एका वेळी डझनावारी अंडी घालते. १९९० च्या दशकात तो युरोप-अमेरिकेच्या दुकानांत सर्रास मिळू लागला. जंत कमी, पिंजऱ्याची सवय जन्मापासूनची, किंमत आवाक्यातली. आबाळ थांबली नाही, तिचे रूप बदलले. पूर्वीचे प्राणी तहानेने आणि जंतांनी मरत होते. आता पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले मुडदुसाने वाकू लागली.

हा मुडदूस लहान मुलांच्या मुडदुसासारखाच. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडल्याशिवाय शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसेल तर खाल्लेले कॅल्शियम हाडांना लागत नाही. खिडकीतून येणारे ऊन उपयोगाचे नाही, कारण काच नेमके हेच किरण अडवते. १९९० च्या दशकात सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी हे किरण देणारे खास दिवे बाजारात आले आणि चित्र पालटू लागले. टेक्सासमधले संशोधक गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पँथर या जातीच्या शॅमेलिऑनवर दीर्घकाळ काम केले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले की आहारात ड जीवनसत्त्व कमी मिळालेले प्राणी आपणहून अतिनील किरणांत जास्त वेळ बसतात आणि पुरेसे मिळालेले कमी वेळ. म्हणजे आपल्याला किती ऊन हवे हे त्या प्राण्याला कळते. माणसाने त्याला ऊन आणि सावली, दोन्हींची सोय द्यायची असते.

आबाळ झालेला शॅमेलिऑन ओळखण्याच्या खुणा याच वर्षांत पाळणाऱ्यांनी आणि पशुवैद्यांनी नोंदवल्या. डोळ्यांचे शंकूसारखे उंचवटे आत गेलेले असतात. दिवसाढवळ्या डोळे मिटलेले असतात. निरोगी शॅमेलिऑन उजेडात डोळे मिटून बसत नाही. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग केशरी झालेला असतो, म्हणजे अंगात पाणी नाही. पुढचे पाय धनुकलीसारखे वाकलेले असतात, फांदी पकडताना चिमट्यासारखा पंजा निसटतो आणि प्राणी जमिनीवर पडून राहतो. जीभ बाहेर पडते पण किड्यापर्यंत पोहोचत नाही. रंग मळकट, काळसर असतो. या रंगाचा अर्थ लावायला माणूस फार काळ चुकला. भोवतालात मिसळण्यासाठी तो रंग बदलतो, असे समजून लोक त्याला रंगीत कापडांवर ठेवून मजा पाहत. रंग मुख्यतः राग, भीती, मीलनाची इच्छा आणि ऊब यांचा असतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतल्या ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलते आणि त्यामुळे रंग पालटतो.

शुश्रूषेची आज रूढ असलेली पद्धत अशा निरीक्षणांतून जमत गेली. आधी पाणी, मग अन्न. सुकलेल्या शरीराला लगेच भरपूर खायला घातले तर ते पचत नाही, उलट अपाय होतो. पाणी द्यायची साधी युक्ती पाळणाऱ्यांनी शोधली ती अशी: कुंडीतले पानेदार झाड न्हाणीघरात ठेवायचे, त्यावर प्राणी चढवायचा आणि कोमट पाण्याचा फवारा भिंतीवर असा सोडायचा की त्याचे तुषार तेवढे पानांवर पडतील. सुरुवातीला प्राणी नुसता बसून राहतो. मग पानाच्या टोकाशी लोंबणारा थेंब त्याला दिसतो, एक डोळा तिकडे वळतो, आणि बऱ्याच वेळाने तोंड उघडून तो पाणी चाटू लागतो. कधी यासाठी अर्धा तास जातो. या अर्ध्या तासात त्याला हाताळायचे नाही, एवढेच माणसाचे काम. त्यानंतर जाळीचा हवेशीर पिंजरा, आडव्या फांद्या, वर एका टोकाला ऊब आणि अतिनील दिवा, विष्ठेची तपासणी आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने कॅल्शियम. अंडी घालणाऱ्या जातीची मादी असेल तर ओलसर वाळूमातीचे खोल भांडे लागते, कारण नराशिवायही तिच्या पोटात अंडी धरतात आणि उकरायला जागा मिळाली नाही तर ती अडून मादी मरू शकते. हाडे पुन्हा घट्ट होतात, पण वाकलेला पाय सरळ होत नाही. अशा प्राण्यासाठी फांद्या जवळजवळ आणि खालच्या उंचीवर बांधाव्या लागतात.

भारतात घोयरा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्यामुळे त्याला पकडणे आणि पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींचा प्रश्न बराच काळ मोकळा होता. २०२० मध्ये केंद्र सरकारने घरी असलेले परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करण्याची मुभा दिली, २०२२ च्या दुरुस्तीने साइटिसच्या यादीतल्या प्राण्यांना कायद्याच्या कक्षेत आणले, आणि २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. त्यामुळे सुटका झालेल्या शॅमेलिऑनच्या वाटा दोन होतात. जखमी सापडलेला घोयरा पाणी पिऊ लागला, फांदी घट्ट धरू लागला आणि जिभेने नाकतोडा टिपू लागला की वनविभागाच्या देखरेखीखाली तो जिथे सापडला त्याच परिसरात परत सोडला जातो. व्हेल्ड किंवा पँथर शॅमेलिऑन मात्र पूर्ण बरा झाला तरी इथल्या झाडावर सोडता येत नाही. उरलेले आयुष्य, काटक नराच्या बाबतीत पाच-सहा वर्षे, त्याला दिव्याखाली आणि कोणाच्या तरी रोजच्या फवाऱ्यावर काढावे लागते.