करवंदीचे कुंपण : मिठाच्या नाक्यापासून आपल्या बांधापर्यंत



करवंद तुम्हांला नव्याने सांगायला नको. उन्हाळ्यात ही डोंगरची काळी मैना पानांच्या द्रोणातून बाजारात येते. पण ‘करवंदीने शेत राखता येतं का?’ असे विचारले, की पुष्कळ जण हसतात. रानातलं झुडूप बांधावर कशाला, म्हणतात. त्यांच्यासाठी ही खरी हकीकत.

इंग्रजी अमलात मिठावरचा कर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबई इलाख्यात कमी, उत्तरेत व बंगालकडे बराच जास्त. इकडचे स्वस्त मीठ तिकडे चोरून जाऊ नये, म्हणून सरकारने देशाच्या मधोमध जकातीची रेषा आखली. १८६९ च्या सुमारास ही रेषा सिंधू नदीपासून महानदीपर्यंत पोहोचली. लांबी सुमारे २,३०० मैल आणि पहाऱ्याला जवळजवळ १२,००० माणसे! आपल्या रावेरपलीकडचे बऱ्हाणपूर याच रेषेच्या वाटेवर होते.

सुरुवातीला तेथे वाळक्या काट्यांचे कुंपण घालीत. त्याला वाळवी लागे, आग लागे, वावटळीत ते उडून जाई. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे प्रमुख ॲलन ह्यूम होते. त्यांनी हिशेब काढला, की एक मैल कुंपणाला सुमारे २५० टन काटे लागतात, तेही लांबून वाहून आणावे लागतात. मग त्यांनी जिवंत कुंपणाचा मार्ग धरला. कोणत्या जमिनीत काय तगते ते पाहून बोर, बाभूळ, करवंद व निवडुंग लावले. माती हलकी असेल तेथे चांगली माती आणून घातली. पुराच्या भागात उंच वरंबा करून त्यावर लावण केली. चांगले वाढलेले कुंपण माणसाच्या दुप्पट उंच होई.

कुंपण उत्तम, पण काम वाईट. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ त्याने महाग ठेवले. पुढे कर जवळजवळ सारखे झाले आणि १८७९ मध्ये ही रेषा मोडली. याच ह्यूमसाहेबांनी १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. त्या काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपुरात झाले. पंडित नेहरू अध्यक्ष होते, आणि शेतसारा व कर्जाचे ओझे हलके करण्याचा कार्यक्रम तेथे मांडला गेला.

सरकारच्या तिजोरीसाठी जे झुडूप राबले, ते आता तुमच्या पिकासाठी का राबू नये? दर साली काट्या तोडायच्या, बांधावर रचायच्या आणि पुढच्या साली पुन्हा तेच. यात मजुरीही जाते आणि रानही उजाड होते. म्हणून असे करा :

१) पूर्ण पिकलेल्या काळ्या फळांचे बी काढून धुवा, सावलीत सुकवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. जुने बी उगवत नाही.

२) रोपे वर्षाची झाली, की पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा. फूटभर खोल चर खणून त्यात शेणखत घाला. दोन ओळी ठेवा, दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर राखा. दुसऱ्या ओळीतले रोप पहिल्या ओळीच्या फटीसमोर येऊ द्या.

३) मुरमाड जमीन करवंदीला मानवते, साचलेले पाणी मात्र सोसत नाही. काळ्या जमिनीत उंच वरंब्यावरच लावा.

४) रोप फूटभर झाले, की शेंडा खुडा. बुडापासून फांद्या फुटतात व फट राहत नाही.

५) पहिली दोन-तीन वर्षे गुरे-शेळ्यांपासून जपा. तोवर बाहेरून वाळक्या काट्या ठेवाव्याच लागतील.

६) लावण आपल्या हद्दीच्या आत करा, नाही तर कुंपणावरूनच भाऊबंदकी व्हायची!

तिसऱ्या वर्षापासून फळे येऊ लागतात. कच्च्या फळांचे लोणचे, पिकलेल्यांचा मुरंबा. घरचे भागून उरलेले बाजारात न्या. मोकाट गुरांना दाट करवंद पुरेसे आहे. रानडुकरांचा त्रास असेल, तर बुडाशी फट राहणार नाही याकडे जास्त लक्ष द्या.

यंदा उन्हाळ्यात करवंदे खाल, तेव्हा बिया फेकू नका. पुढच्या मृगाची रोपे त्यातच आहेत.