सळईची कुळकथा

स्लॅबसाठी आलेल्या सळया मिस्त्री उतरवून घेत होता. एक सळई उतरली की भिंतीवर खडूची एक रेघ. 'सळई' या शब्दाशी मी अडकलो तो तिथंच. सळई म्हणजे संस्कृतातली शलाका, पालीतली सलाका. आणि बौद्ध भिक्षुसंघात ही सलाका म्हणजे चक्क मतपत्रिका होती!

विनयपिटक म्हणजे भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ; त्यातल्या चुल्लवग्गात सगळी रीत दिली आहे. वाद मिटेना की बहुमत घ्यायचं. त्याचं नाव 'येभुय्यसिका'. दोन मतांच्या दोन रंगांच्या काड्या. त्या वाटायला संघानं नेमलेला 'सलाकगाहापक'. तो एकेका भिक्खूपाशी जाऊन सांगे: ही या मताची, ही त्या मताची, हवी ती घे, कुणाला दाखवू नकोस. झालं गुप्त मतदान. कानात सांगून आणि उघडपणे, अशा आणखी दोन पद्धती होत्या. मात्र कौल अधर्माकडे झुकलेला दिसला, तर काड्या नीट घेतल्या नाहीत म्हणून तो त्या परत घेई. बहुमतही चुकू शकतं, ही धास्ती तेव्हाही होती.

ही काडी संघात आली कुठून? इतिहासकार काशीप्रसाद जयस्वालांनी 'हिंदू पॉलिटी'त (१९२४) गणराज्यांकडे बोट दाखवलं. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरही म्हणाले की, संघाचे सभानियम बुद्धानं त्या काळच्या राजकीय सभांकडून घेतले असावेत. नियमांबद्दल मला हे पटतं, काडीबद्दल नाही. पाणिनीच्या सूत्रात शलाका आहे, पण ती जुगारातली. पालीत मात्र 'सलाकभत्त' असा शब्द आहे: काड्या वाटून भिक्खूंना दिलेलं जेवण. माझ्या मते काडी मतदानात आली ती या जेवणातून. जुगाराची काडी नशीब सांगते. जेवणाची काडी माणसं मोजते. एका पोटाला एक काडी, तसं एका माणसाला एक मत.

   

माझा मुख्य साक्षीदार आहे गाहापकाच्या पात्रतेचा नियम. त्यानं ओढ, द्वेष, मोह आणि भय यांच्यामागे जाऊ नये, हे चार गुण झाले. पाचवा: काडी कुणी घेतली आणि कुणी घेतली नाही, हे त्याला ठाऊक हवं. कुणी उपाशी राहू नये म्हणून वाढप्याला जे बघावं लागतं, नेमकं तेच.