प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन : टेबलावरच्या कामाचे आणि ताणाचे गणित

कार्यालयातील ताण म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधतो. एक, कामाचा भार : किती कागद आले, किती निघाले, किती उरले. दुसरी, उरलेल्या कामाविषयीची अनिश्चितता : नेमके काय उरले आहे, ते कोणाकडे अडले आहे आणि कशाची मुदत उद्याच संपते, हे ठाऊक नसणे. व्यवस्थितपणाने ही दुसरी गोष्ट जवळजवळ संपवता येते. पहिली फार तर थोडी हलकी होते. हा फरक लक्षात न घेता दिलेला नीटनेटकेपणाचा उपदेश, आधीच दबलेल्या माणसावर आणखी एक काम लादतो.

विवेचनासाठी महसूल खात्यातले एखादे संकलन समोर ठेवू. जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयात कामाच्या एकेका टेबलाला संकलन म्हणतात. ही निवड मुद्दाम केली आहे. खासगी कंपनीत इनबॉक्स कसा लावायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. संकलनात मात्र कागदाने कुठून यावे, कुठे बसावे आणि केव्हा नष्ट व्हावे याची लिखित पद्धत आहे. ती वाईट रीतीने राबवली जाते हे खरे. पण तिच्यामागचा विचार आजच्या बहुतेक व्यवस्थापन-पुस्तकांपेक्षा पक्का आहे.

आधी भाराचे गणित पाहू. एका टेबलावर रोज सरासरी ८ प्रकरणे येतात, ८ निकाली निघतात आणि १२० शिल्लक राहतात असे धरू. तिथे एक प्रकरण सरासरी किती थांबेल? १२० भागिले ८, म्हणजे कामाचे १५ दिवस. रांगेतली सरासरी संख्या म्हणजे आवकेचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी काळ, या नात्याची सर्वसाधारण सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली. नाते इतके साधे आहे की त्याचा उपयोग कोणाच्या मनात येत नाही. महाराष्ट्रात बदल्यांच्या विनियमनाचा आणि विलंबास प्रतिबंध करणारा जो २००५ चा अधिनियम आहे, त्याच्या कलम १० नुसार साधारणपणे कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक राहू नये. वरच्या टेबलाला हे पाळायचे असेल तर हाताशी सरासरी ५६ हून जास्त प्रकरणे असून चालणारच नाही. दिवसांची मर्यादा ही मुळात संख्येची मर्यादा आहे. तपासणीला येणारे साहेब मात्र सात दिवसांवरच्या फाइली मोजतात. शिल्लक ५६ च्या वर गेली त्या दिवशी कोणी काही बोलत नाही, कारण तोवर कुठलीच फाइल जुनी झालेली नसते. उशीर दिसू लागतो तेव्हा तो आठवडाभर आधीच ठरून गेलेला असतो.

दुसरे गणित अधिक क्रूर आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या येण्याचा अभ्यास मांडला आणि त्यातून रांगांचे शास्त्र उभे राहिले. काम अनियमितपणे येत असेल आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमीजास्त असेल, तर एकाच खिडकीच्या सर्वांत साध्या प्रतिमानात निष्कर्ष असा निघतो : माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असला तर कागदाला, त्यावर प्रत्यक्ष लागणाऱ्या सरासरी वेळेच्या चौपट थांबावे लागते, ९० टक्के गुंतलेला असला तर नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे टेबलावर पाचच टक्के काम वाढले आणि ताटकळणे दुपटीहून अधिक झाले. ‘त्याच्याकडे थोडा वेळ असतो, हे पण त्यालाच द्या’ हे वाक्य आपल्या कार्यालयांत ज्या सहजतेने उच्चारले जाते, ती सहजता हे आकडे पाहिल्यावर टिकू नये. तो ‘थोडा वेळ’ म्हणजेच अचानक आलेले काम झेलण्याची जागा असते. ती भरून टाकली की पुढचा प्रत्येक तातडीचा कागद आधीच्या कशाला तरी ढकलूनच आत येतो.

याच गणिताची एक दिलासा देणारी बाजूही आहे. प्रत्येक प्रकरणाला लागणारा वेळ अगदी एकसारखा करता आला, तर तेवढ्याच भारात रांगेतले थांबणे निम्म्यावर येते. संपूर्ण एकसारखेपणा कुठेच येत नाही. पण ठरावीक टिप्पणीचा नमुना, अर्जासोबतच्या कागदांची तपासणी सूची आणि अपुरा अर्ज पहिल्याच दिवशी त्रुटी दाखवून परत करण्याची शिस्त यांनी बरेच साधते. जुने अव्वल कारकून नमुन्यांची वही जपून ठेवत, त्याचे कारण आळस नव्हते.

कामाचा क्रम लावण्याचेही असेच. तीन प्रकरणे आहेत : एकाला एक तास लागणार, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला सहा. लहान आधी घेतले तर ती पहिल्या, तिसऱ्या आणि नवव्या तासाला संपतात. मोठे आधी घेतले तर सहाव्या, आठव्या आणि नवव्या तासाला. कष्ट तेवढेच, पण सरासरी थांबणे एकीकडे सव्वाचार तासांच्या आसपास आणि दुसरीकडे साडेसातच्या वर. म्हणून लहान कामे आधी उरकणे शहाणपणाचे. मात्र या नियमाला एकट्याला मोकाट सोडले तर वादातली वारस नोंद किंवा भूसंपादनाची जाडजूड फाइल तळाशी कायमची मुरते. तिच्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला काळ राखून ठेवावा लागतो, आणि तो काळ व्हिडिओ कॉन्फरन्सच्या (व्हीसीच्या) वेळापत्रकात जाणार नाही याची आधीच खात्री करून घ्यावी लागते.

आता अनिश्चिततेकडे वळू. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकणाऱ्या ब्ल्युमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये प्रयोगांवरून मांडले की अर्धवट राहिलेली कामे पूर्ण झालेल्यांपेक्षा अधिक आठवतात. पुढच्या प्रयोगांत या निष्कर्षाला एकसारखा दुजोरा मिळाला नाही, त्यामुळे तो जपूनच वापरावा. आपल्या विषयाला अधिक उपयोगी आहे ते मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांचे २०११ चे संशोधन. अपुरे राहिलेले उद्दिष्ट मनात घुटमळत राहते आणि दुसऱ्या कामात व्यत्यय आणते. पण ते केव्हा आणि कसे पूर्ण करायचे याची नेमकी योजना लिहून काढली की, काम अजून झालेले नसतानाही, हा व्यत्यय थांबतो. काम संपवणे आणि कामाची जागा ठरवणे या मनाच्या दृष्टीने बऱ्याच अंशी सारख्याच सुटका आहेत. ‘करायचे आहे’ एवढेच लिहून ठेवलेली लांबलचक यादी सुटका देत नाही, कारण तिच्यात केव्हा आणि कसे हे नसते.

इथे सहा गठ्ठा पद्धतीचे महत्त्व कळते. या पद्धतीत कारकुनाकडचा प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात असायला हवा : प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गाची कागदपत्रे. शिक्षक जिल्ह्यांची नावे पाठ करून घेतात तशी ही यादी प्रशिक्षणात पाठ करून घेतली जाते. वर्गीकरण कशाच्या आधारावर केले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. विषयावर नाही, महत्त्वावरही नाही. आधार एकच : पुढची हालचाल कोणी आणि केव्हा करायची.

प्रलंबित म्हणजे पुढची हालचाल माझी. प्रतीक्षाधीन म्हणजे माझे काम झाले, आता मंडळ अधिकाऱ्याचा अहवाल किंवा भूमी अभिलेखकडून मोजणीचा नकाशा यायचा आहे. बहुतेक टेबलांवर हे दोन्ही एकाच ढिगात असतात, आणि माझ्या मते कारकुनी ताणाचा सर्वांत मोठा वाटा या एका सरमिसळीतून येतो. वरच्या टेबलावरच्या १२० पैकी ७० प्रतीक्षाधीन निघाली, तर माणसाचा स्वतःचा भार ५० चाच आहे. तो मात्र १२० चे ओझे घेऊन घरी जातो. शिवाय ढीग चाळताना ज्या फाइलीवर आज काहीच करता येत नाही तीही उघडली जाते, पाच पाने वाचली जातात आणि पुन्हा बंद होते. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात प्रत्येक फाइलवर पुढच्या स्मरणपत्राची तारीख लिहिलेली असेल, तर त्या तारखेपर्यंत तिचा विचार करण्याची गरजच उरत नाही. तारीख नसलेली प्रतीक्षाधीन फाइल म्हणजे विसरण्याची सोय. ती या गठ्ठ्यात नसावी.

नियतकालिकांचा गठ्ठा येणारच हे माहीत असलेल्या कामांचा. मासिक विवरणपत्र दर महिन्याला येते, तरी दर महिन्याला ते अचानक आल्यासारखी धावपळ होते. वर्षाची यादी भिंतीवर असली की निदान ही धावपळ तरी टळते. स्थायी आदेश संचिका ही नियम पुन्हा पुन्हा शोधण्याचा वेळ वाचवण्यासाठी. उरलेल्या दोन गठ्ठ्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही : ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा, ‘ड’ एक वर्ष, एवढे धाडसाने पाळले तरी टेबलाखालची निम्मी पोती उचलली जातील. धाडस म्हणायचे कारण असे की कागद ठेवल्याबद्दल आजवर कोणाला नोटीस आलेली नाही.

गठ्ठ्यांच्या जोडीला नोंदवही असते : टपाल आले की कार्यविवरणात चढवायचे, निकाली निघाले की तिथेच दाखवायचे, आणि आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढायचा. मागील शिल्लक, नवी आवक, निकाली, आताची शिल्लक. लिटल यांच्या सूत्राला लागणारे सगळे आकडे या चार रकान्यांत आहेत. मग ही पद्धत असताना टेबले का तुंबतात? गोषवारा वरच्यांना दाखवण्यासाठी भरला जातो, स्वतः पाहण्यासाठी नाही, हे एक मोठे कारण. दप्तर तपासणीची तारीख लागली की महिन्याभराच्या नोंदी एका बैठकीत, एकाच शाईने चढतात. जी वही कारकुनाचे डोके रिकामे करण्यासाठी आहे ती त्याला पकडण्याचे साधन ठरली की तो तिच्यात खरे का लिहील? १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची बैठकव्यवस्था, अभिलेख आणि कामाची वाटणी मुळापासून लावली. पुढे पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’चा आग्रह धरला. अशा मोहिमांनी पोती उपसली जातात, हे मोठेच काम. पण मोहीम धरणारा अधिकारी बदलून गेल्यावर वही कोणासाठी भरायची, हा प्रश्न मागे उरतो.

तातडीचा प्रश्न वेगळा मांडायला हवा. त्याच २००५ च्या कायद्यात अतितातडीची फाइल शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी आणि तातडीची चार दिवसांत काढावी असे आहे. अशा पायऱ्यांचा फायदा वरच्या पायरीवर मोजकेच कागद असतील तोवर मिळतो. निम्म्या टपालावर ‘अतितात्काळ’चा शिक्का असेल तर त्या शिक्क्याचा अर्थ ‘साधे’ असाच होतो आणि साध्या टपालाचा अर्थ ‘कधीच नाही’. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी तीनला आलेला ‘४ वाजेपर्यंत माहिती सादर करावी’ हा निरोप तर आवक नोंदवहीत येतच नाही; त्यामुळे गोषवाऱ्यात दिवस मोकळा दिसतो आणि माणूस थकलेला. असा निरोप आला की आवक क्रमांक टाकून घेणे हा उपाय क्षुल्लक वाटेल. पण मोजला न गेलेला भार कोणाला दाखवता येत नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात, मध्ये मध्ये अडवले गेलेल्या लोकांनी काम उलट लवकर संपवले, दर्जाही घसरला नाही. मात्र त्यांनी ताण, वैताग आणि घाई लक्षणीय जास्त नोंदवली. म्हणजे व्यत्ययाची किंमत निकाली प्रकरणांच्या आकड्यात उमटेलच असे नाही. साहेबांना फरक दिसत नाही याचे हे एक कारण असू शकते. अभ्यागतांसाठी ठरलेली वेळ, टपाल दिवसातून दोनदाच उघडणे, फोन दुसऱ्याने घेणे, हे उपाय जुने आहेत आणि जिथे वरिष्ठ स्वतः पाळतात तिथेच चालतात.

इथून पुढे वैयक्तिक व्यवस्थितपणाची हद्द संपते. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले की कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा स्वतःचा ताबा कमी, ही जोडी सर्वांत अधिक तणाव निर्माण करते. १९८५ मध्ये लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात कामावरचा ताबा कमी असणे आणि हृदयविकाराची शक्यता वाढणे यांचा संबंध आढळला. तीही आपल्यासारखीच फाइलींची, श्रेण्यांची, साहेबांची दुनिया. गठ्ठे लावून कारकुनाला जो ताबा मिळतो तो स्वतःच्या टेबलापुरता. आवक निकालीपेक्षा सातत्याने जास्त असेल तर रांग कुठल्याही पद्धतीने थांबत नाही. रोज आठ येऊन सातच निघत असतील तर शंभर दिवसांनी शंभर प्रकरणे वाढलेली असतात, फक्त ती सुबक गठ्ठ्यांत असतात.

आपल्याकडे ही स्थिती बहुधा रिक्त पदामुळे येते. शेजारचे टेबल रिकामे होते आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ असा दोन ओळींचा आदेश निघतो. त्या आदेशात पदाचे नाव असते, तारीख असते. टेबलावर किती शिल्लक आहे आणि आठवड्याला किती येते, हे नसते. कार्यभार घेणाऱ्याने दोन्ही टेबलांचे मागच्या चार आठवड्यांचे गोषवारे काढून, प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन वेगळे दाखवून, एका पानाची टिप्पणी सादर करावी : दोन्ही टेबलांची मिळून आवक आठवड्याला इतकी, एका माणसाची निकाली इतकी, फरक इतका, तेव्हा खालीलपैकी कोणती नियतकालिके थांबवावीत किंवा कोणत्या बाबी दुसऱ्या संकलनाकडे द्याव्यात, याबाबत आदेश व्हावेत. अशा टिप्पणीवर ‘चर्चा करावी’ असा शेरा येण्याचीच शक्यता जास्त. तरी ती सादर झालेली असते, तिला क्रमांक पडलेला असतो, आणि ती आता वरच्या टेबलावर प्रलंबित असते.