आधी पाणी, मग पाटी

गेल्या हिवाळ्यात एका बैठकीचा निरोप आला. विषय पर्यटक केंद्राचा. जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका झाला, तेव्हापासून अशा बैठकांना तोटा नाही. मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, दर थंडीत सहली डोंगरावर नेल्या, म्हणून "बाई, तुम्हीपण या" असं सांगणं. टेबलावर नकाशा पसरला होता. स्वागतकक्ष, तिकीटखिडकी, चित्रफितीचं दालन, सेल्फी पॉइंट. मी पाण्याची जागा शोधत होते. ती स्वच्छतागृहाच्या भिंतीला चिकटून, निळ्या ठिपक्याएवढी सापडली.

तेवढ्यावरून माझं मन नाणेघाटात गेलं.

कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच नाळेतून देशावर चढायचा. दम लागलेला माणूस माथ्याला टेकता टेकता समोर लेणं येतं. आत तिन्ही भिंतींना धरून दगडी ओटा. भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख: कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण नाणी दिली. त्या आकड्यांसाठी जगभरचे अभ्यासक या लेण्याचं नाव घेतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्यांचे पुतळे होते. आता वर नावं उरलीत आणि खाली पावलं. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ साली हा लेख पाहिला आणि मग तो जगापुढे आला, पण घाट चढणाऱ्यांना तो कधी परका नव्हता. वर खिंडीपाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत, असं मानतात. माझी पोरं त्यात हात घालून नाणी चाचपायची.

आजच्या भाषेत बोलायचं तर राज्य कुणाचं हे सांगणारी पाटी, टेकायला ओटा आणि वसुलीची जागा, तिन्ही एका ठिकाणी. आणि आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी. मुलांना मी आधी टाकी दाखवायचे, लेख नंतर. तहानलेलं पोर ब्राह्मी ऐकत नाही.

जुन्नर गावाभोवतीच्या शिवनेरी, तुळजा, मानमोडी, लेण्याद्री या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. तिथले लेख नागनिकेसारखे ऐसपैस नाहीत. एक ओळ, फार तर दोन. कोण, कुठला, काय दिलं. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. पोढी म्हणजे आपलं टाकं. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेली ही माणसं, किंवा त्यांची मुलंनातवंडं. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने, लेखात नोंदवलेल्या ४६ व्या वर्षी, मानमोडीवर एक पोढी आणि एक मंडप करवला. अडुथुम नावाच्या शक उपासकाने जमीन दिली, तीही झाडांच्या खुणेने सांगून: करंजापाशी वीस निवर्तनं (जमिनीचं जुनं माप), वडापाशी नऊ.

यादी पुन्हा वाचा. पाणी, छप्पर, जेवण, झाडाजवळची जमीन. हे भिक्षूंसाठी होतं हे खरं, पण वर्षावासात कातळावर राहणाऱ्याची गरज आणि लेण्याद्रीच्या तीनशेक पायऱ्या चढून आलेल्या भाविकाची गरज यांत मला फरक दिसत नाही. गिरिजात्मजाच्या दारात पोचलेला माणूसही देवाआधी पाणी विचारतो. तो गणपती ज्या वीस खोल्यांच्या विहारात बसलाय, त्याच्या शेजारी आजही टाकी आहेत.

ही रीत लेण्यांबरोबर संपली असती तर मी बैठकीत गप्प बसले असते. पण शेजारच्या आंबेगाव तालुक्यात या. जुनं आंबेगाव डिंभ्याच्या धरणात बुडालं. तालुक्याला त्याचं नाव उरलं, कचेरी घोडेगावात. तिथून वर भीमाशंकर. पेशवाईत नाना फडणविसांनी देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सगळे सांगतात. रघुनाथरावांनी तिथे विहीर खोदवली आणि पुण्याच्या नाईक भिंडे सावकारांनी सभामंडप बांधला, हे कमी लोक सांगतात. विहीर आणि मंडप. अयमाने मानमोडीवर दिलेली जोडी तीच, फक्त देणारे दोघं आणि मध्ये सोळाशे वर्षं. १९८५ साली तिथलं रान अभयारण्य झालं. आता शेकरू बघायला येणारेही त्याच वाटेने चढतात.

आणि ही रीत आमच्या डोंगरांपुरती नाही. मुंबईच्या पोटात, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. एवढ्या मोठ्या शहराचं ते रान, सुट्टीच्या दिवशी जत्रा. तिथेही लेण्यालेण्याला टाकं, दारात ओटा आणि लेखांत हाच शब्द, पोढी. मी मुलांना तिथे नेलं तेव्हा एकजण म्हणाला, "बाई, हे तर आपलंच." जुन्नरच्या पोराचं ते शहाणपण मी वहीत टिपून ठेवलंय.

आता माझ्या सहलीतली एक गोष्ट, जागेचं नाव न सांगता. मार्च होता. बाटल्या वाटेतच संपल्या. वर नवी इमारत दिसली, रंगीत फलक, फलकावर सातवाहनांची वंशावळ. दाराला कुलूप. नळ कोरडा. सातवीतली एक मुलगी पायरीवर बसली ती उठेना. चाळीस पावलांवर कातळात टाकं होतं, काठोकाठ भरलेलं. माझ्या पदराची चौपदरी घडी करून पाणी गाळलं आणि तिला पाजलं. वंशावळ तशीच राहिली, कुणी वाचली नाही.

त्या इमारतीच्या कोनशिलेवर सतरा नावं होती, पदांसकट. परतताना मी मोजली. काय दिलं, ते मात्र त्या कोनशिलेवर कुठेच नव्हतं. इरिलाच्या ओळीत त्याचं पद नाही. टाकी किती, ते आहे.

बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच सांगितलं. साहेबांनी विचारलं, "मग बाई, नकाशात नेमकं काय बदलायचं?" मी निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ते सरकवत फाटकापाशी आणलं, तिकीटखिडकीच्याही अलीकडे.