फाफुन्वा आणि इफेची शाळा

१७. बाबाटुंडे फाफुन्वा (१९२३–२०१०) : नायजेरियातील शिक्षणतज्ज्ञ. उच्च शिक्षण अमेरिकेत. १९५५मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाची पीएच.डी. मायदेशी परतल्यावर प्रथम एन्सुका व नंतर इफे विद्यापीठात प्राध्यापक. १९९०–९२ या काळात केंद्रीय शिक्षणमंत्री. मूळ मजकुरात लेखकाने त्यांचा उल्लेख केवळ ‘माजी मंत्री’ असा केला आहे; तो फारच अपुरा वाटतो. त्यांचे खरे काम इफेतल्या प्राथमिक शाळेत झाले. तेथील रूढ पद्धतीत पहिली तीन वर्षे योरुबा या मुलांच्या मातृभाषेतून शिकवून मुलांना एकदम इंग्रजी माध्यमात ढकलले जाई. १९७०पासून फाफुन्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रायोगिक वर्गांना प्राथमिकची सहाही वर्षे गणित, विज्ञान, सामाजिक अभ्यास योरुबातूनच शिकवले. इंग्रजी हा विषय स्वतंत्र, त्यासाठी खास शिक्षक. योरुबात पाठ्यपुस्तके नव्हती, ती लिहून काढावी लागली. या कष्टाची पुरेशी दखल अजूनही घेतली जात नाही. प्रायोगिक वर्गातली मुले इतर विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत. मातृभाषेतून शिकल्याने इंग्रजी कच्चे राहते, असे मानणाऱ्या आपल्याकडील पालकांनी हा प्रयोग मुळातून अभ्यासावा.

— संपादक