कुंदुरूचे झाड कोणते?

बडनेऱ्याहून अमरावती, परतवाडा करीत आपण मेळघाटात शिरलो की खडकाळ उतारांवर सालई भेटते. तिच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. सालीला खाच पाडली की सुगंधी चीक पाझरतो आणि वाळून त्याचे पिवळसर खडे होतात. हाच कुंदुरू. त्याला आपण सर्रास डिंक म्हणतो, पण त्यात डिंकाबरोबर राळ आणि उडून जाणारे तेलही असते. डिंक पाण्यात विरघळतो, राळ स्पिरिटमध्ये. दोन परीक्षानळ्या घेऊन वर्गात हे सहज दाखवता येईल.

या झाडावरून एकेकाळी मोठा घोटाळा झाला. युरोपातील चर्चमध्ये जळणारा धूप मुंबई बंदरातून जाई, म्हणून तो हिंदुस्थानीच, असा समज होता. शिवाय संस्कृतात कुंदुरू, तर अरबीत कुंदुर! १८०७ साली कोलब्रुक यांनी 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्राचीनांचा धूप सालईचाच, असे प्रतिपादन केले. एवढ्या मोठ्या पंडिताचा शब्द. तो बरीच वर्षे चालला. प्रत्यक्षात माल सोमाली किनाऱ्यावरून व अरबस्तानातून मुंबईस येई आणि पुढे जाई.

बेळगावात जन्मलेल्या डॉ. जॉर्ज बर्डवुड यांनी झाडच गाठायचे ठरवले. सोमाली प्रदेशातून एडनमार्गे आलेल्या फांद्या भायखळ्याच्या व्हिक्टोरिया बागेत, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, लावण्यात आल्या. त्या रुजल्या, पालवल्या. आणि ती पाने सालईची नव्हती. १८७० च्या सुमारास बर्डवुड यांनी लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथात तीन नव्या जाती वर्णिल्या. एकीला आपले मुंबईतील स्नेही डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले: बॉसवेलिया भाऊ-दाजियाना. पुढे ती बॉसवेलिया सॅक्राहून वेगळी नाही असे ठरले आणि नाव मागे पडले. आम्हांला याची जराशी हळहळ वाटते. त्याच बागेशेजारच्या वस्तुसंग्रहालयाला मात्र १९७५ पासून भाऊ दाजींचे नाव आहे.

सालईचे औषधी महत्त्व या वादाने कमी झाले नाही. आयुर्वेदात ती शल्लकी. १९९० च्या दशकात जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की तिच्या राळेतील बॉसवेलिक आम्ले सूज वाढवणाऱ्या एका विकराला अडवतात. सांधेदुखीवरील चाचण्या मात्र लहान आहेत. रामबाण म्हणण्याची घाई नको. खाचा खोल आणि वारंवार पाडल्या तर झाड खंगते, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.

आणि बाजारात 'लोबान' मागितला तर पुडीत पुष्कळदा तिसऱ्याच झाडाची, सुमात्राकडच्या स्टायरॅक्सची, राळ येते.