हबर्डबाईंचा भोपळा

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर मार्बलहेड नावाचं, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगलेलं गाव आहे. हबर्ड हा हिवाळी भोपळा जगाला ठाऊक झाला तो या गावामुळे. दोन्ही टोकांना निमुळता, अंगावर पुटकुळ्या, आत केशरी गर. साल इतकी टणक की सुरी चालत नाही, कुऱ्हाड घ्यावी लागते. त्या सालीच्या जोरावरच तो बर्फाचे महिने घरात टिकतो.

त्याची हकिकत बियाणेवाले जेम्स ग्रेगरी यांनी १८५७ मध्ये लिहून ठेवली. त्याआधी वीसेक वर्षं गावात असा एकच भोपळा आला. एका बाईंनी त्याचं बी परसात लावलं. त्या वेलावरचं एक फळ कॅप्टन नॉट मार्टिन यांना मिळालं आणि ते घरापुरता हा भोपळा लावत राहिले. १८४२-४३ च्या सुमारास एलिझाबेथ हबर्ड यांनी ग्रेगरींच्या घरी त्याची वाखाणणी केली. त्यांच्यामार्फतच मार्टिन यांच्याकडचं बी आलं. तोवर भोपळ्याला नाव नव्हतं. ग्रेगरींच्या वडिलांनी हबर्डबाईंचंच देऊन टाकलं.

पहिलं बी मातीत घालणाऱ्या बाईंचं नाव मात्र त्या हकिकतीत नाही. त्या आता हयात नाहीत, एवढाच उल्लेख. हे वाचून मला चुटपुट लागते, कारण भोपळ्याचा वाण राखणं हे जिकिरीचं काम आहे. एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, आणि मधमाशी शेजारच्या वाफ्यातला पराग सहज आणून टाकते. यंदाचं फळ हुबेहूब दिसतं, भेसळ कळते ती पुढच्या वर्षी. म्हणून उद्या उमलणारी मादी कळी, जिच्या देठाशी लिंबाएवढा इवला भोपळा असतो, ती आदल्या संध्याकाळीच दोऱ्याने बांधायची. नर कळीही बांधायची. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून पराग मादी फुलात फिरवायचा, ते फूल पुन्हा बांधायचं, देठाला खूण करायची. मग थांबायचं, देठ बुचासारखा वाळेपर्यंत.

आपल्या उपवासाला चालणारा लाल भोपळाही मूळचा अमेरिका खंडातलाच, आणि आपल्याकडेही त्याचं बी शेजारणींच्या हातूनच फिरत आलं आहे. यंदा बी राखेत घोळून वाळवाल, तेव्हा पुडीवर वाणाच्या नावाखाली ते देणाऱ्या बाईंचंही नाव लिहा.